गाडी कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिष्यवृत्ती, विवाहखर्चास आळा, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर अनेक अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत मोटारगाडीच्या कागदपत्रांसंबंधी कोणी बोलावयास उभे राहावे, हे काहींस विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या ज्ञातीत आमच्या बालपणी घरी सायकल असणे हेच सुस्थितीचे लक्षण समजले जाई, त्याच ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांच्या दारी आज चारचाकी उभी आहे. घर आणि दागिने यांच्या खालोखाल मोल असलेली ती वस्तू आहे. घराचे खरेदीखत आपण कुलपात ठेवतो, दागिन्यांची पावती जपतो. गाडीची कागदपत्रे मात्र गाडीच्याच खणात पेट्रोलच्या पावत्यांबरोबर पडलेली असतात. अपघात झाला म्हणजे ती बाहेर निघतात, आणि त्यांवर कोणाचे नाव आहे हे घरात तेव्हा प्रथमच वाचले जाते.

आमच्या आजच्या विषयाची व्याप्ती लहान आहे. गाडीस अपघात झाला, विम्याचा क्लेम झाला, आणि त्यानंतर यजमानांनी ती गाडी आपल्या पत्नीच्या नावे करावयाचे ठरविले. तर हे काम केव्हा करावे, कसे करावे, आणि ते करताना घरातील स्त्रीचे हित कोठे सांभाळावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. असे ठरण्याची कारणे घरोघर निराळी असतात. अपघातानंतर काहींचा हात चाकावर स्थिर राहत नाही आणि यापुढे गाडी सूनबाईने किंवा सौभाग्यवतींनीच चालवावी असे ते म्हणतात. कोणाची दृष्टी मंदावलेली असते. कोणास सेवानिवृत्तीनंतर आपली मिळकत हळूहळू पत्नीच्या नावे करावयाची असते. ही सारी कारणे योग्यच होत. एका कारणास मात्र आमची संमती नाही. नाव बदलले की मागचा क्लेम पुसला जाईल आणि पुढच्या पॉलिसीवर पूर्वीची सवलत कायम लागेल, असा सल्ला काही मध्यस्थ देतात. हा सल्ला लबाडीचा आहे आणि तो निरुपयोगीही आहे. त्याचे गणित पुढे येईल. तसेच आपल्या गाडीने दुसऱ्या कोणास इजा झाली असता नुकसानभरपाईची जबाबदारी टाळण्यासाठी गाडी घाईघाईने पत्नीच्या नावे करणे हेही व्यर्थ होय. जबाबदारी अपघाताच्या दिवशी जो मालक असेल त्याच्यावर बसते. मागाहून केलेल्या नोंदीने ती सरकत नाही.

प्रथम थोडे व्याकरण. घरात आपण 'आमची गाडी' म्हणतो. ही षष्ठी विभक्ती मोठी उदार आहे. तिच्या पोटात पती, पत्नी, मुले, सासूबाई सर्व सामावतात. परंतु परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस हे अनेकवचन समजत नाही. त्यांच्या दप्तरी गाडीस एक मालक असतो, पॉलिसीस एक विमाधारक असतो, आणि पती व पत्नी ही दोन भिन्न माणसे असतात. सप्तपदीने झालेले ऐक्य त्या दप्तरात नोंदलेले नसते. याविषयी खेद करण्याचे कारण नाही. स्त्रीची मिळकत तिची स्वतःची, हे तत्त्व मान्य करण्यास समाजास फार काळ लागला. तेच तत्त्व आरसी बुकाच्या पानावर भेटले म्हणून आपण कुरकुर का करावी?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. जंगम वस्तूची देणगी वस्तू हाती देऊन पूर्ण होते, आणि पतीने पत्नीस दिलेल्या देणगीवर पत्नीस आयकर द्यावा लागत नाही. तेव्हा देण्याची क्रिया सोपी आहे; कठीण आहे ती नोंद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत देणाऱ्याने आणि ३० दिवसांच्या आत घेणाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्यास तसे कळविले पाहिजे. त्यासाठी नमुना क्रमांक २९ व ३० आहेत. नोंद होईपर्यंत, गाडी प्रत्यक्ष कोणाच्याही हाती असो, कायद्याच्या दृष्टीने दप्तरात ज्याचे नाव तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्या प्रकरणी गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती; अपघाताच्या भरपाईचा भार त्या मूळ मालकावर पडला.

नोंदणीची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू विम्याची, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे चूक होते ती येथे. त्याच कायद्याचे १५७ वे कलम असे सांगते की, गाडीची मालकी बदलली म्हणजे तिचा विमाही नव्या मालकाकडे गेला असे समजावे. मात्र नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा. हे वाचून पुष्कळांचा समज होतो की विमा आपोआप मागून येतो, अर्जाचे काय ते सवडीने पाहू. परंतु १९९५ मध्ये कंप्लीट इन्शुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हे आपोआप जाणे केवळ तिऱ्हाईताच्या, म्हणजे ज्यास आपण थर्ड पार्टी म्हणतो त्याच्या विम्यापुरते आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचे जे नुकसान होईल, त्याचा विमा हा कंपनी आणि विमाधारक यांच्यातील करार आहे. करार करणारी व्यक्ती बदलली तर कंपनीची संमती घ्यावी लागते. ती घेतली नसेल तर गाडीच्या दुरुस्तीची भरपाई मिळत नाही.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे आमच्या परिचयाच्या एका ज्ञातिकुटुंबाच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. यजमानांनी दिवाळीच्या पाडव्यास ओवाळणी म्हणून गाडी पत्नीच्या नावे करण्याचे योजिले. मोठ्या हौसेने परिवहन कार्यालयातील सर्व सोपस्कार पुरे केले आणि बाईंच्या नावाचे आरसी कार्ड टपालाने घरी आले, तेव्हा पेढे वाटले. पॉलिसी यजमानांच्या नावाची होती आणि तिची सात महिन्यांची मुदत शिल्लक होती. "हप्ता भरलेला आहे, गाडी तीच आहे, घर तेच आहे, मग बदलावयाचे काय?" असे ते म्हणत. माघ महिन्यात घाटातील वळणावर गाडी कठड्यास घासून आदळली. माणसे देवाच्या दयेने सुखरूप राहिली. परंतु गॅरेजचा अंदाज लाखाच्या वर गेला. कंपनीचे उत्तर थोडक्यात असे होते की, अपघाताच्या दिवशी विमाधारक हे गाडीचे मालक नव्हते, आणि ज्या मालक होत्या त्यांच्याशी कंपनीचा करार नव्हता. मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी राखलेली ठेव मोडून ते बिल भागविण्यात आले. बाई आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, पाडव्याला मला गाडी मिळाली असं वाटलं होतं; मिळालं ते दुरुस्तीचं बिल." या वाक्यातील व्यथा आम्ही विसरू शकलो नाही, आणि या व्याख्यानास तेच निमित्त झाले आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की आरसी आणि पॉलिसी ही जोडपावले आहेत. नव्या नावाचे आरसी हाती येण्याची वाटही न पाहता, हस्तांतराच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत पत्नीच्या सहीचा अर्ज, पतीचे संमतिपत्र आणि नवा प्रस्ताव-अर्ज विमा कंपनीकडे गेला पाहिजे, आणि त्याची पोच घरी राहिली पाहिजे. कंपनीचा प्रतिनिधी तोंडी 'होऊन जाईल' म्हणाला, यास पोच म्हणत नाहीत. नावबदलाची पुरवणी, जिला कंपनीच्या भाषेत एंडॉर्समेंट म्हणतात, ती हाती आली म्हणजेच काम झाले.

आता क्लेमचा प्रश्न. अपघात झाला आहे, सर्व्हेअर येऊन गेला आहे, गाडी गॅरेजमध्ये उभी आहे, आणि याच वेळी घरात नावबदलाचा विचार निघतो. अशा वेळी आमचा आग्रहाचा सल्ला असा की, क्लेमचा शेवटचा रुपया हाती येईपर्यंत कोणत्याही नमुन्यावर सही करू नये. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच्या विमाधारकाचा आहे. तो पुढे नाव बदलल्याने तत्त्वतः बुडत नाही. परंतु कागद तपासणाऱ्या कारकुनास एका फायलीत दोन नावे दिसली की त्याची लेखणी थांबते, शंका निघतात, आणि जो क्लेम तीन आठवड्यांत सुटावयाचा तो तीन महिने पडून राहतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरेंद्रकुमार भिलावे यांच्या प्रकरणात, नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच मालक, असे म्हणून ट्रकच्या नुकसानीची भरपाई त्यांस देवविली. कंपनीचा आक्षेप असा होता की त्यांनी ट्रक अपघातापूर्वीच दुसऱ्यास विकला होता. त्यांस न्याय मिळाला खरा, पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या माणसांनी तितकी पायपीट ओढवून का घ्यावी?

गाडी दुरुस्त होऊन आली, गॅरेजचे बिल भागले, कंपनीचे शेवटचे पत्र आले. आता नाव बदलण्यास हरकत नाही. परंतु येथेही दिवस निवडावा लागतो, आणि त्यासाठी जे गणित करावयाचे ते चौथीच्या मुलासही येईल.

ज्या वर्षी क्लेम घेतला जात नाही त्याबद्दल पुढील वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस अथवा एनसीबी म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के अशी चढते. एक क्लेम घेतला की पुढील नूतनीकरणाच्या वेळी ती शून्यावर येते. आता हे नीट लक्षात घ्यावे की ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी पत्नीच्या नावे झाली तरी पतीची सूट तिच्याबरोबर जात नाही. चालू पॉलिसीच्या मध्येच नाव बदलले तर उरलेल्या मुदतीपुरती सुटीची रक्कम कंपनी वसूल करून घेते. समजा, नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि पतीस ५० टक्के सूट होती. म्हणजे त्यांनी ६,००० भरले. सहा महिने झाल्यावर नाव बदलले तर उरलेल्या सहा महिन्यांबद्दल ३,००० रुपये आणखी भरावे लागतील. परंतु त्या वर्षी क्लेम झालेला असेल तर पुढल्या नूतनीकरणास पतीच्या नावेही पूर्ण १२,००० च पडणार, आणि पत्नीच्या नावेही १२,००० च. म्हणजे क्लेमनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाच्या सुमारास नाव बदलले तर नावबदलामुळे एक पैसाही जास्त जात नाही. अपघाताने सूट बुडालीच आहे. त्याच वेळी हस्तांतर उरकून घ्यावे. ज्यांनी जादा हप्ता भरून एनसीबी राखण्याची पुरवणी घेतली असेल त्यांचे गणित अर्थात निराळे. त्यांनी प्रतिनिधीकडून ते लिहून घ्यावे.

आता आधी ज्या मध्यस्थाचा उल्लेख केला त्याच्या सल्ल्याकडे वळू. पत्नीच्या नावे नवी पॉलिसी घेताना जुनी ५० टक्के सूट दाखवून हप्ता कमी करून देतो, असे तो म्हणतो. ती सूट पत्नीची कधीच नव्हती, आणि क्लेमनंतर पतीचीही उरलेली नसते. प्रस्ताव-अर्जावर सही पत्नीची असते. म्हणून खोटे निवेदनही तिचेच ठरते, आणि पुढे क्लेमच्या वेळी तेच कारण सांगून कंपनी नुकसानीची भरपाई नाकारू शकते. पत्नीने स्वतः पूर्वी गाडी बाळगली असेल, ती विकली असेल आणि तिच्याजवळ सूट राखून ठेवल्याचे कंपनीचे पत्र असेल, तर मात्र ते तीन वर्षांच्या आत नव्या पॉलिसीस लावता येते. ही तिची रास्त कमाई आहे. ती अवश्य मागावी.

यापुढचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि भगिनींनी तो विशेष लक्ष देऊन ऐकावा अशी विनंती आहे.

गाडी पतीची आहे, पॅकेज पॉलिसी आहे, पती चालवीत आहेत आणि पत्नी शेजारी बसली आहे. दुर्दैवाने अपघात होऊन पत्नीस इजा झाली, तर खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीखाली आत बसलेल्या माणसांची जोखीम कंपनीवर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बालकृष्णन यांच्या प्रकरणात मान्य केले आहे. आता तीच गाडी पत्नीच्या नावे झाली. पती पूर्ववत चालवीत आहेत, पत्नी पूर्ववत शेजारी बसली आहे. परंतु आता ती नुसती प्रवासी नाही. ती मालक आहे. मालकाची स्वतःची शारीरिक इजा तिऱ्हाईताच्या विम्यात बसत नाही, हे न्यायालयाने २००४ मध्ये धनराज यांच्या प्रकरणात सांगितले. तेथे मालक स्वतःच्या जीपमधून प्रवास करीत होता आणि जीप चालक चालवीत होता. म्हणजे आसन तेच, रस्ता तोच, पण पत्नीचे एक संरक्षण नाव चढताच गळून पडले.

मालकासाठी निराळा विमा आहे. मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा या नावाने तो ओळखला जातो, आणि २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. मालक गाडी चालवीत असता किंवा शेजारी बसून प्रवास करीत असता मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आले तर तो लागू पडतो. परंतु त्यासाठी अट अशी की मालकाजवळ गाडी चालविण्याचा वैध परवाना असला पाहिजे. आपल्या ज्ञातीत किती घरी असे आहे की गाडी प्रेमाने सौभाग्यवतींच्या नावे केली आहे आणि सौभाग्यवतींनी परवाना कधी काढलेलाच नाही! अशा घरी ती स्त्री तिऱ्हाईत म्हणून संरक्षित नाही आणि मालक-चालक म्हणूनही नाही. ज्या कागदाने तिचा मान वाढावा त्याच कागदाने ती उघडी पडली.

पतीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पत्नीची गाडी चालविणारे पती हे त्या गाडीचे मालक नसतात. तेव्हा पत्नीच्या पॉलिसीतील १५ लाखांचे कवच त्यांस मिळत नाही. आणि दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालविणारा माणूस मालकाच्या जागी उभा असतो, तो त्या गाडीच्या विमा कंपनीकडे तिऱ्हाईत म्हणून भरपाई मागू शकत नाही, असे २०२० मध्ये रामखिलाडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. घरातील कर्ता पुरुष गेला आणि पत्नी पॉलिसी घेऊन कंपनीत गेली, तर तेथे तिला कळावयाचे की ज्यांच्यासाठी ती आली आहे त्यांचे नाव त्या पॉलिसीत कोठेच नाही.

यावर उपाय अवघड नाही आणि महागही नाही. गाडी ज्या स्त्रीच्या नावे करावयाची तिने आधी परवाना काढावा. शिकाऊ परवान्यापासून पक्क्या परवान्यापर्यंत जे काही महिने जातील, तेवढे हस्तांतर थांबवावे. पन्नाशी उलटलेल्या भगिनींनी आता गाडी काय शिकावयाची असे म्हणू नये. आपल्याच मंडळातील साठीच्या काही भगिनी भाजी आणावयास स्वतः गाडी घेऊन जातात हे आम्ही पाहिले आहे. आणि परवाना काढणे प्रकृतीमुळे खरोखर अशक्य असेल, तर गाडी पतीच्याच नावे राहू द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पत्नीस द्यावयाचे असेल तर ठेव द्यावी, सोने द्यावे. त्याशिवाय गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाचे नाव घालून वैयक्तिक अपघाताची पुरवणी घेता येते; नावबदलाच्या अर्जाबरोबरच पतीचे नाव त्या पुरवणीत घालून घ्यावे. त्याच कागदावर वारसाचा, म्हणजे नॉमिनीचा रकाना असतो. तो कोरा सोडू नये. पुष्कळ पॉलिसींत तेथे दिवंगत मातोश्रींचे नाव वर्षानुवर्षे तसेच छापून येत असते.

बोलण्यास जड जाणारी आणखी एक बाब आहे. अपघातात मालकाचाच अंत झाला, किंवा क्लेम चालू असता त्यांचे निधन झाले, तर काय? अशा वेळी गाडी पत्नीच्या नावे होणे ही देणगी नसून वारसा होय, आणि त्याचे नियम निराळे आहेत. निधनापासून ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे. तसे कळविल्यास वारसास तीन महिनेपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ चा अर्ज करावा लागतो. पॉलिसीच्या नेहमीच्या अटींप्रमाणे विमाही तत्काळ संपत नाही. तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोवर तो चालू राहतो, आणि त्या अवधीत मृत्यूचा दाखला, गाडीवरील हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी देऊन पत्नीने तो आपल्या नावे करून घ्यावयाचा असतो. येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. पतीची जी सूट हयातीत दिलेल्या गाडीबरोबर पत्नीस मिळत नाही, ती त्यांच्या निधनानंतर मिळू शकते. नियम करणाऱ्यांनी पाडव्यापेक्षा तेराव्यास अधिक मान का दिला, हे त्यांचे त्यांस ठाऊक! विधवेने ही सूट मागावी. न मागता ती सहसा कोणी देत नाही. राहिलेल्या क्लेमची रक्कम सर्व वारसांची असते. म्हणून कंपनी वारसाचा दाखला आणि मुलामुलींची ना-हरकत मागते. दुःखाच्या दिवसांत यावरून भावाबहिणींत शब्दास शब्द लागू नये.

या संबंधात २०२१ मध्ये एक चांगली सुधारणा झाली आहे. केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून गाडीच्या नोंदणीतच वारस नेमण्याची सोय केली. बँकेच्या खात्यास जसा नॉमिनी असतो तसा आता आरसीवरही घालता येतो, आणि आधीच्या गाडीसही तो मागाहून जोडता येतो. ज्यांस हयातीत नाव बदलावयाचे नाही त्यांनी निदान एवढे करावे.

गाडी पार मोडली असेल, म्हणजे दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरीव किमतीच्या ७५ टक्क्यांहून वर गेला असेल, तर कंपनी तो पूर्ण नुकसानीचा क्लेम धरते. तेथे पत्नीच्या नावे करण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र मोडका सांगाडा ज्यास विकला जाईल त्याच्या नावे नोंद झाली किंवा आरसी रद्द झाली, याची खात्री केल्याखेरीज फाईल बंद करू नये. आपल्या नावाचा सांगाडा परक्याच्या आवारात पडून राहणे बरे नव्हे.

राहता राहिल्या किरकोळ गोष्टी. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँकेच्या लेखी संमतीवाचून नाव बदलत नाही. कर्ज फिटले असेल तर आधी आरसीवरील बोजा, ज्यास लोक एचपी म्हणतात, तो नमुना ३५ देऊन उतरवून घ्यावा. कित्येकांचे कर्ज फिटून पाच वर्षे झाली तरी बोजा तसाच असतो. बाकी असलेली ई-चलने फेडावीत. पीयूसी चालू असावे. अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येतो. घरातील तरुण मुलांनी ते काम वडीलधाऱ्यांस करून द्यावे. नाव बदलल्यावर पतीच्या खात्याचा फास्टॅग बंद करून पत्नीच्या नावाचा नवा घ्यावा, नाहीतर पत्नीच्या गाडीचा टोल पतीच्या खात्यातून जात राहतो. काही भगिनींस ही व्यवस्था सोयीची वाटेल, पण ती नियमास धरून नाही.

नमुना २९, ३०, ३१ आणि ३५ यांच्या कोऱ्या प्रती, तसेच विमा कंपनीस द्यावयाच्या अर्जाचा मराठी मसुदा आम्ही तयार करून मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत आम्ही तेथे असतो. आरसी, पॉलिसी आणि दोघांचेही परवाने बरोबर आणावेत. आणि शक्य तर पतिपत्नींनी दोघांनी यावे, कारण सह्या दोघांच्या लागतात.